दिवटे

महाप्यात, तिसऱ्या मजल्यावर, काचा न उघडणाऱ्या खोलीत
मी दिवसाला साठ वेळा राजाला मारतो.
राजा म्हणजे बॉस. दोन ताड उंच, पाठीवर शिंपल्यांचं चिलखत,
त्याच्या डरकाळीसाठी बाहेरून माणूस आणला होता.
त्याच्यामागे चार बारके.
कागदोपत्री नाव : मदतनीस, प्रकार ब.
आम्ही म्हणतो दिवटे, कारण हातात पलिता
आणि पलित्यातून सुटलेली हिरवी दोरी
राजाच्या जखमेला जाऊन चिकटते.

पोरासोरांनाही ठाऊक असतं :
आधी दिवटे, मग राजा.
ते उभे असेतो राजा कितीही कापा,
खाडीसारखा परत भरतो.
चौघांचा चेहरा एकच. शर्वरीने काढलाय.
म्हणाली, वेळ नव्हता, आणि तोंडाकडे बघतंय कोण.
वार बसला की ते "हुक्" करतात.
तो आवाज माझा. मार्चमध्ये, मीटिंगच्या खोलीत,
तोंडाशी उशी धरून नऊ वेळा केला. सहावा घेतला.

मंगळवारी उलटं खेळून बघायचं होतं.
तीन मारले, एक सोडला, राजा पाडला.
नाणी उडाली, वाजंत्री झाली,
आणि तो एक
पलिता तिरका धरून
मढ्यावर दोरी सोडत राहिला.
दहा मिनिटं थांबलो. चहा आणला. वीस.
शून्यात बारा मिळवले, शून्य.
शून्यात बारा मिळवले,

नोंद केली. क्रमांक ४११७. गांभीर्य : किरकोळ.
अपेक्षित : राजा मेल्यावर मदतनीस नाहीसा व्हावा.
प्रत्यक्षात :
इथे कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.

कोपरखैरण्याला घरी आलो तर बाबा नव्हते.
म्हणजे होते, जिथे असतात तिथे,
सेक्टर एकोणीसच्या कोपऱ्यावर, भाऊंच्या संपर्क कार्यालयात.
भाऊ पडले त्याला तीन वर्षं झाली.
पनवेलकडे राहायला गेले, नंबर बदलला.
बोर्डावरचा त्यांचा चेहरा उन्हाने निळा पडलाय.
बाबा सातला शटर वर करतात, माठ भरतात,
पंधरा खुर्च्या पुसतात,
रजिस्टरात नवी तारीख घालून खाली रेघ मारतात.
"कोनी आला तं? बंद दिसाला नको."
भाडं कोण भरतं, हे आईने मला विचारलं नाही,
मीही तिला नाही.
बारावीला मी गचकलो तेव्हा ती म्हणाली होती,
कुळाला दिवटा निघाला.
बाबा तेव्हा भाऊंच्या सभेत छत्री धरून होते,
पाऊस नव्हता, ऊन होतं.

बुधवारी निनादने खाली लिहिलं :
एका ओळीचं काम आहे, जेवणाआधी करून टाकतो.
मी लिहिलं, राहू दे.
माझ्याकडे पुन्हा घडलं नाही.
आणि ४११७ बंद केला.

मग नेहमीचं. सत्तावन्न, अठ्ठावन्न.
साठाव्या वेळी तिघे गेले, चौथा उरला,
तो पळत नाही, पळणं त्याला दिलेलंच नाही,
राजाकडे तोंड, माझ्याकडे पाठ.
खिडकीबाहेर कुठल्यातरी कारखान्याचा सहाचा भोंगा.
घरी जाताना माठाची तोटी घ्यायची होती, गळतेय म्हणाले होते.
नियम माहीत आहे. आधी दिवटे.

हुक्.