ज्वारीच्या दाण्याएवढी

सावद्यात दुपारी दोनला
रस्त्यावर कुत्रंही नसतं,
तेव्हा मी बर्फाच्या डोंगरावर असतो.
बाहेर सेहेचाळीस.
स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरव्याचा लाल झालेला आकडा :
अठ्ठ्याण्णव.
शिखर दोनशे पावलांवर
आणि डब्यातले तिन्ही पंखे
पिठाच्या गिरणीसारखे ओरडतायत.

मग काळोख.
न विचारता, न सांगता.
काळ्या काचेत माझंच तोंड,
नाकाच्या शेंड्यावर घाम.

सगळं करून पाहिलं.
बाजूचा पत्रा काढला.
टेबलफॅन आणून ठेवला,
तो गरम हवा गरम हवेत ढकलत बसला.
ग्राफिक्स इतके उतरवले
की झाडांना पानंच उरली नाहीत,
बर्फ भिंतीच्या चुन्यासारखा दिसू लागला.
कूलरच्या तोंडाशी नेला तर आई :
"मानसाले एक पंखा नही
आन् त्या डब्याले तीन!
आता कूलरबी त्यालेच?"
तिचं चूक नव्हतं. कूलरच्या ओल्या वाऱ्यानंच
मागल्या मे महिन्यात रॅम गेली होती.

शेवटी गोणपाटात गुंडाळून
मोटरसायकलवर, मांडीत धरून, फैजपूरला
लुकमानभाईंकडे.
त्यांनी झाकण उघडलं आणि हसले :
"अर्धं शेत घेऊन आलास की."
काळ्या मातीची भुकटी,
केळीच्या वाळल्या पानांचा चुरा,
उशीतला कापूस,
आणि कोपऱ्यात पालीचं एक अंडं, फुटलेलं, रिकामं.
म्हणजे या भट्टीतून
कुणीतरी धडधाकट निघून गेलं होतं.

जुनी पेस्ट खडूसारखी सुटली.
नवी लावताना मी म्हटलं, भरपूर लावा.
"ज्वारीच्या दाण्याएवढी. बस.
जास्त लावली की तिचीच गोधडी होते."

रात्री नऊला पप्पा आले.
केळीच्या शीतगृहातून येतात ते,
भर मे महिन्यात काखेत स्वेटर,
खिशातून डोकावणारी कानटोपी.
गल्लीतली पोरं हसतात, त्यांना सवय आहे.
खोलीच्या दारात थांबले. आत आले.
गार तळवा पत्र्यावर ठेवला,
ताप बघतात तसा.
"किती?"
"एक्काहत्तर."
"आमच्याकडे तेरा."
बढाई नव्हती त्यात. नुसता हिशोब.

स्क्रीनवर वादळ सुटलेलं.
माझा गडी उघड्या डोक्यानं
शिखराखालच्या कड्याला लोंबकळतोय.
पप्पा बराच वेळ उभे राहून बघत होते.
मला वाटलं, आता अभ्यासाचं काढतील.
"त्याच्या कानाले बांध म्हना काही," ते म्हणाले,
"थंडी पह्यले कानातून शिरते."

मी गेम थांबवला
आणि गड्याच्या पिशवीत
टोपी शोधू लागलो.