तांडेल सोडून

रात्रीचे दोन. वेसाव्याच्या मच्छीमार सोसायटीत
मी आणि प्रमिलाताई भानजी, दोघंच.
खाली बर्फाचा कारखाना चालू,
त्याची घरघर तळपायातून टेबलापर्यंत चढते,
आणि स्क्रीनवर आठव्यांदा तीच लाल ओळ:
शून्याने भागता येत नाही.

भागाकार करणारी मेथड चार ओळींची.
मीच लिहिली, दोन वर्षांपूर्वी, जोगेश्वरीच्या खोलीत.
मासळीची रक्कम घ्यायची, बोटीचा हिस्सा काढायचा,
उरलेलं खलाशांत वाटायचं.
तिच्यात खोट नाही.
जे हातात दिलं ते भागायला गेली, आणि पडली.

पडताना नावं मात्र चोख सांगते.
मला हिशोबानं बोलावलं, ओळ दोनशे बारा.
हिशोबाला बिलानं. बिलाला रात्रीच्या कामानं.
खापरपणज्यापर्यंत अख्खी वंशावळ.
पण हिशोब दाराशी आला तेव्हा
त्याच्या पदरात काय होतं,
कुठली बोट, किती माणसं,
हे विचारलं की गप्प.
वॉचमनच्या वहीत नाव असतं, वेळ असते, सही असते.
पिशवीत काय होतं ते कोण लिहितो?

"मग त्या हिशोबालाच विचार ना," ताई म्हणतात.
त्यांना काय सांगू,
की चालत्या कामाच्या आत उभं राहून
हे विचारायची सोय जावानं ठेवलेली नाही.
बाहेर यावं लागतं. सगळ्यांना थांबवावं लागतं.

म्हणून ब्रेकपॉइंट लावतो, अट घालून:
खलाशी शून्य असतील तरच थांब.
तीनशे बोटी निमूट निघून जातात.
ताईंचा चहा गार होतो.
मग एकीवर सगळं थांबतं
(बर्फाचा कारखाना सोडून).

स्टॅकमध्ये एक पायरी खाली उतरतो.
हिशोबाची फ्रेम उघडतो.
तो आला होता तसाच उभा आहे,
काहीही न लपवता:

बोट, दर्याची लेक.
तांडेल, हिरोजी चिंचय.
मासळी, अकरा किलो; बोंबील, थोडी मांदेली.
खलाशी, शून्य.

"हे बघा, चुकलं. रकाना भरायचा राहिलाय."
ताई चष्मा कपाळावर सरकवतात.
"रकाना मीच भरला. बरोबर भरला.
हिरोजीमामाचा एक पोरगा कुवेतला,
दुसरा मालाडला मॉलमध्ये उभा असतो.
झारखंडची दोन पोरं ठेवली होती, ती मोठ्या ट्रॉलरवर गेली.
आता एकटाच जातो तो.
तांडेलाला खलाशी कुठं धरतोस तू?
तुझ्याच फॉर्मवर लिहिलंय,
खलाशी, कंसात, तांडेल सोडून."

माझ्याच. हो.
आठ वेळा मी त्या शून्याला
कुणाची तरी डुलकी समजत होतो.

डिबगरमध्ये किंमत हातानं बदलता येते.
शून्य पुसायचं, एक लिहायचा, एंटर.
रात्र पुढे सरकेल, राहिलेले कागद छापून होतील,
पहाटे लिलावाला कुणी ओरडणार नाही.
बोट कीवर टेकलेलं.
पण तो एक कोण? त्याचं नाव काय?
उद्या शोधायला गेलो तर तो सापडायचाही नाही;
मेथड परतली की तिची फ्रेम जाते,
पदरातलं सगळं घेऊन.

शून्य राहू देतो.
फॉर्मची ती जुनी ओळ शोधतो,
"सोडून" खोडतो, "धरून" लिहितो.
खालचं गणितही एकानं वाढवतो.
दोन वर्षं लागली या दोन शब्दांना.

"चारला निघेल तो," ताई खिडकीशी जाऊन म्हणतात,
"भरती आहे."
मीही बघतो.
खाडीच्या काळोखात एका होडीवर
कुणीतरी टॉर्च दातांत धरून
दोन्ही हातांनी दोर सोडतंय.