मोजमापाची वही

धोमच्या रस्त्याला, ओढा ओलांडला की उजव्या हाताला.
लांबी एकेचाळीस फूट, रुंदी एकोणीस.
टेपचं दुसरं टोक मार्थाबाई भांबळांनी धरलंय,
किल्ली त्यांच्या कमरेला, मिश्रीच्या डबीशेजारी.
चर्च लिहा वहीत, म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो.

भिंती काळ्या दगडाच्या, अडीच फूट जाड.
चुना घाणीत मळलेला, त्यात गूळ, हिरडा.
गुळाचं मुंग्यांना अजून ठाऊक आहे.

साहेबानं कागदावर टोकदार कमान काढून दिली.
निंबाजी पाथरवटानं जन्मभर कृष्णेचे घाट बांधलेले.
त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला,
म्हणाला, महिरप आहे की.
आणि कळीच्या दगडावर
खरोखरच एक कळी कोरली, कमळाची,
अर्धी मिटलेली.

वेदी पूर्वेला, असं साहेबानं बजावलं होतं.
मग साहेब तापानं पाचगणीला पडून राहिला.
परतला तर पूर्वेला दार.
उगवतीकडं पाठ करून देव बसंल कसा?
निंबाजीनं उलट त्यालाच विचारलं.
साहेबानं तीन पानी तक्रार विलायतेला धाडली.
उत्तर आलं तेव्हा कौलं चढली होती.

घंटा वाईच्या तांबटाकडं ओतलेली.
सात घरांनी सात तांबे दिले.
पाणवठ्यावर ज्यांना टेकायला पायरी नव्हती
ते आता ओढ्यापल्याड ऐकू जातात.
सूर थोडा पाणी भरतानाचा.

उत्तरेच्या भिंतीला तडा, वरून खाली, सदुसष्टच्या भूकंपाचा.
त्यावर बाईंच्या वडिलांनी काचेची पट्टी चिकटवली,
तडा वाढला तर काच फुटेल.
रोज सकाळी आधी काच, मग झाडलोट.
काच शाबूत आहे. वडील चिंचेखाली आहेत,
दगडावर नाव, शांतवन, आणि तारीख कोरताना चुकलेली.

किती माणसं येतात?
अकरा. नाताळात पुण्याच्या गाड्या धरून साठेक.

शेवटचा रकाना, वेदीची दिशा.
पश्चिम, मी लिहितो, आणि पुढं प्रश्नचिन्ह.
बाई वहीत डोकावतात.
ते खोडा, म्हणतात.
सकाळच्या उपासनेला ऊन दारातनं आत येतं,
आमच्या पाठीवर, पाळकांच्या थेट तोंडावर.
ते डोळे मिटून घेतात.
मी लहान होते तेव्हा वाटायचं,
काय भक्ती आहे माणसाची!

टेप सर्रकन आत जाते.
कौलं मोजायची राहिलीत.