आग म्हणजे पाणी

माझ्या मिनिडोरच्या काचेला लावलेल्या फोनवर
एक बाई गाते. पोर्तुगालची.
तिला जाऊन माझ्या वयापेक्षा दोन वर्षं जास्त झाली.
काळी शाल, डोळे मिटलेले,
हनुवटी अशी वर, जणू छप्पर गळतंय
आणि ती थेंब नेमका कुठून येतो ते बघतेय.
नाव मला वाचता येत नाही,
एवढंच दिसतं की त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर
छोटीशी लाट आहे.

पहिल्यांदा चुकून लागली.
पोरांनी लावलेलं हळदीचं गाणं संपलं
आणि आपोआप हिचं सुरू झालं.
बंद करायला हात उचलला
तर साळावच्या पुलावर समोर एसटी आडवी.
हात स्टिअरिंगलाच राहिला
तीन मिनिटं चाळीस सेकंद.

तेव्हा आकडा होता तीन कोटी एक्क्याण्णव लाख.
काल रात्री चार कोटी सहा.
मी झोपतो, खाडीला ओहोटी लागते,
होड्या चिखलात कलंडतात,
आणि जगात कुठेतरी कुणीतरी
तिच्यावर बोट ठेवतं.
न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजावं तशी
ही बाई माजत चाललीय,
कुणी लावली नाही, कुणी खत घातलं नाही.
आणि इकडे कोर्लईच्या किल्ल्यात
कुणा कप्तानाने मुद्दाम दगडात कोरून घेतलेलं नाव
बकऱ्या वाचतात, चरता चरता.

मग एका बुधवारी फेलिसबाय रोशा चढली,
मांडीवर सुक्या जवळ्याची पाटी.
गाणं लागलं आणि माशा वारणारा तिचा हात थांबला.
म्हटलं, कळतं का तुम्हाला?
"कलतं की. दर्या बोलते. आईस बोलते.
आता घर बोलली.
पन हिला नीट बोलाया येत नाय.
सगल्या शब्दांना शेपट्या ठेवते.
आमी कवाच कापून टाकल्या,
बोंबील साफ करतो तशा."

चार कोटींची बाई,
आणि तिची चूक काढली
चर्चपासून शाळेपर्यंत पुरणाऱ्या एका भाषेनं.
मागे बसलेला मास्तर हसला.
मला हसू आलं नाही.

विचारलं, पाण्याला काय म्हणता तुम्ही?
"आग."
काय?
"आग. हिरीत असते ती."

पुलावर चढता चढता म्हटलं, तुमचं एखादं म्हणा ना,
आईनं शिकवलेलं, मी फोनमध्ये धरून ठेवतो.
ती म्हणाली, धरून काय करशील,
आणि गायलीच.
दोन ओळी, फार तर तीन.
मागून डंपर हॉर्न देत होता,
पाटी सावरत ती गात होती, सूर जरा खाली,
आणि माझे दोन्ही हात पुन्हा
स्टिअरिंगवर.

रेवदंड्याला उतरली.
वीस दिले, पाच परत मागितले,
सुटे नव्हते म्हणून भांडली.

गाडीला चार दिवस जवळ्याचा वास होता.
त्या ओळींतला एकही शब्द मला आठवत नाही.
पण रात्री शेवटची फेरी रिकामी नेताना
ती काळ्या शालीतली बाई जेव्हा
तो शब्द उच्चारते, शेपटीसकट,
तेव्हा दिसते ती कोर्लईची एक विहीर,
पायऱ्यांवर घागर ठेवून वाकलेलं कुणीतरी,
आणि खाली, खूप खाली,
हलणारी आग.