विरजण

मालाडच्या खाडीकाठी, अर्ध्या उपनगराच्या मोऱ्या जिथं येऊन मिळतात,
तिथं माझी नोकरी. सकाळी सात वाजता
हवेच्या टाकीतलं तपकिरी पाणी,
एक थेंब, काचपट्टीवर.

पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल धरलेला.
हरेश्वर वैती म्हणाले, "काढा तो.
ओल्या मातीचा वास आला की समजायचं, टाकी सुखात आहे."
मग भिंगाला डोळा लावला
तर त्या गदळात
देठांवर डुलणाऱ्या इवल्या घंटा.

व्हॉर्टिसेला. सगळा संसार एका पेशीत.
तोंड तेच, पोट तेच, हात तोच.
काचेला टिचकी मारली की देठ
जुन्या फोनच्या वायरीसारखा गुंडाळतो,
आणि जरा वेळानं,
कुणी बघत नाहीसं पाहून, पुन्हा उलगडतो.
आपण दाराआड साखळी ओढून जे विसरतो
ते जिवाणू खातात. जिवाणूंना या खातात.
उरतं ते पाणी खाडीला.
वैतींचा बाप त्या खाडीत निवट्या धरायचा.

मार्चात एका रात्री
कुणीतरी गटारात टँकर रिकामा केला. आम्ल असावं.
सकाळी थेंबात नुसते देठ.
घंटा गळून गेलेल्या.
मस्टरवर आम्ही अठरा जण हजर,
पंप चालू, साहेब चालू,
आणि काम करणारं कुणीच आलेलं नाही.

वैतींनी घाटकोपरला फोन लावला.
"आमचं नासलंय. विरजण पाठवा."
दुपारी त्यांच्या टाकीतला जिवंत गाळ आला,
शेजारणीनं वाटीभर द्यावं तसा,
फक्त वाटी दहा हजार लिटरची.

चौथ्या दिवशी एक दिसली.
सहाव्या दिवशी तीच (की तिची कुणी?)
मधोमध चिरत होती. मी चहा गार होऊ दिला.
एकीला देठ राहिला.
दुसरी बिनदेठाची, सुटून, गरगरत गेली
जागा शोधायला.
वैतींना बोलावलं. एक डोळा मिटून
ते बराच वेळ वाकून राहिले.
"माझी धाकटी अशीच गेली, नायगावला," म्हणाले,
आणि पंपाकडे निघाले.

रोजच्या तक्त्यात शेवटचा रकाना असतो:
सूक्ष्मजीव. उत्तम, मध्यम, नगण्य, यांतलं एक लिहायचं.
त्या दिवशी मी लिहिलं, आहेत.
खाली वैतींची सही,
ग्रीसच्या अंगठ्यासकट.