एकक

एदुविहेस माराम्बिओ बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली,
मग शेजारी स्वादुपिंड काढलं.
"हे माझं. इथे गाठ. डॉक्टर म्हणतात, सप्टेंबर."
खडू ठेवला, बोटं झटकली,
आणि कालचं अर्धं राहिलेलं घर्षण पुढे चालू केलं.

खिडकीबाहेर वाल्पाराइसो नेहमीसारखं कलंडलेलं,
जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगात रंगवलेले पत्रे,
सिलिंडरवर लोखंड बडवत चाललेला गॅसवाला,
जिन्यावर कोणाचीच नसलेली तीन कुत्री.
कोणी रडलं नाही.
रामिरो हसला. भीती वाटली की त्याला हसूच येतं.
बाई म्हणाल्या, "हस रे. मलाही आलं होतं, दवाखान्यात."

त्यानंतर रोज शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटलेलं.

लहानपणी त्यांना व्हायचं होतं
टेकडी चढणाऱ्या असेन्सोरचा चालक.
डॉक्टर नाही, जोगीण नाही;
वरच्या लाकडी खोलीत बसून पितळी दांडा ओढणारा,
चिल्लर न बघता, नुसत्या खुळखुळीवरून ओळखणारा माणूस.
बेलार्मिनो काका घंटा वाजवू द्यायचे.
दांडा मात्र नाही. "पोरी, दांड्याला पुरुषाचा हात लागतो."
"लागतो कसला," बाई म्हणाल्या,
"चार किलोचा जोर. मी नंतर मोजला."

दुसरं स्वप्न पतंगाचं.
उडवायचा भाऊ, चक्री धरायची हिने.
नऊ सप्टेंबर नुसती चक्री.
दहाव्या वर्षी एका रात्री पत्र्यावर चढून
एकटीनं सोडला काळ्या आभाळात.
दिसत काहीच नव्हतं, बोटाला ओढ तेवढी लागत होती.
आम्ही वाट बघत होतो आता त्या काहीतरी थोर बोलतील.
त्यांनी बोट पुढे केलं.
"कापलं. हा वण. मांजा अंधारात धरू नये."

असंच शिकवलं त्यांनी. क्रम नव्हता.
उसनी दिलेली छत्री परत मागू नये.
आईशी भांडण असेल तरी संध्याकाळचा पाव चुकवू नये,
भांडत भांडत खावा.
जमीन हलली की आधी चुलीचा गॅस, मग देव.
आणि उत्तराला एकक लावावं, नेहमी,
नुसता आकडा म्हणजे बिननावाचं पाकीट,
कोणाच्याही दारात पडतं.

ऑगस्टात, धुकं दाट असताना,
आम्हा अकरा जणांना त्यांनी खालच्या डब्यात बसवलं.
आपण वरच्या डब्यात, शाल गुंडाळून, एकेचाळीस किलो.
गृहपाठ एवढाच: दोन डबे समोरासमोर आल्यापासून
एकमेकांना सोडेपर्यंत किती वेळ जातो, मोजा.
"एक उतरतो म्हणून दुसरा चढतो. हे समीकरण आहे.
ह्याची कविता करू नका."
तेवढं एक मी ऐकलं नाही.

डबा हलला. दोराची कुरकुर, ओल्या लाकडाचा वास.
धुक्यातून त्यांचा डबा खाली आला,
आधी दिवा, मग काच, मग त्या.
आम्ही हात हलवायला तयारच होतो.
बाई आमच्याकडे बघत नव्हत्या.
मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या,
ओठ हलत होते,
त्याही मोजत होत्या.
मग नुसतं धुकं.

सप्टेंबर लागायच्या आधीच गेल्या,
डॉक्टरांना खोटं पाडून.
वह्या त्यांच्या भावानं आणून दिल्या, पावाच्या पिशवीत.
पिठाचे कण चिकटले होते पानांना.
रामिरोला सातपैकी सात. त्यानं दशांशापर्यंत काढलं होतं.
मी नुसतं लिहिलं होतं: चार.
बाकी काही सुचलं नव्हतं त्या दिवशी.
खाली लाल शाई, हात थरथरलेला,
प्रश्नचिन्हाचा टिंब पार ओळीबाहेर गेलेला:

चार काय?