रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर, रात्रपाळीत,
मी दुसरा खंड वाचते आहे. पानं सहाशे बारा.
दोन ट्रकांच्या मधे जेमतेम दीड पान होतं,
मग हॉर्न, खिडकीत केळीच्या पाल्याचा ओला वास,
आणि मी पुन्हा त्याच वाक्याच्या दारात उभी.

सांगणारा मिठाच्या राज्यातला होडीवाला.
पहिल्या खंडात त्याने शपथेवर सांगितलं होतं
की बहिणीला त्यानेच धुक्यापार सोडलं,
तिच्या पायांत तांब्याचे वाळे होते,
त्यांचा आवाज ऐकून नदी बाजूला सरली.
मी रडले होते. खोटं कशाला बोलू, याच खुर्चीत.
आता एक्याण्णवाव्या पानावर तो सहज म्हणतो,
मला बहीण कधीच नव्हती.
आणि लगेच पुढच्या ओळीत वल्ह्याची डागडुजी!

चारशे पानं ज्याच्या होडीत बसून काढली
तो ऐन धारेत विचारतो, तुम्ही कोण?

पहिला खंड पारोळ्याला, पुष्पलताकडे, दिवाळीपासून.
रात्री साडेअकराला फोन लावला.
चांदणी नावाची बहीण होती ना गं? बघ जरा, शेवटाकडे.
ती उठली, चष्मा शोधला, पानं उलटत राहिली,
मला इथे तिच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.
“बहीण शे. वाळा बी शेतस.
पन नाव नई शे, माय. कोठेच नई.”

नाव नाही.
मग चांदणी आली कुठून?
वर्षभर मी तिला त्याच नावाने ओळखते,
तिची सैल वेणी, हनुवटीवरचा तीळ,
तीळसुद्धा?
पुष्पलताला विचारायचा धीर झाला नाही.

बाहेर मुबारक तडवीची गाडी काट्यावर चढली.
संध्याकाळी रिकामी तोलली होती, आता दिल्लीचा माल.
पडद्यावर लाल आकडे थरथरले, थांबले.
भरलेल्यातून रिकामं वजा, उरते ती केळी.
सहा वर्षं मी एवढंच करते आहे.

पावती फाडता फाडता हात थांबला.
मुबारकभाऊ, मघाशी रिकामी गाडी तोलली
तेव्हा तुम्ही आत बसला होतात
की खाली उतरला होतात?

तो तंबाखू मळत हसला.
“खिडकीत तुम्हीच होत्या ना ताई.
तुम्हीच सांगा.”